सांगलीत नदीकाठी घर घेताय? आधी घराचे फूट काढा

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करते. आई-बाबांना (वय ६५ आणि ७१) आता सांगलीला परत जायचंय. आयर्विन पुलापासून फार लांब नाही अशा, नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत रो-हाऊस पाहिलं. गल्ली शांत आहे, झाडं आहेत, संध्याकाळी घाटावर चालत जाता येतं, गणपतीचं देऊळ जवळ. सांगलीच्याच विश्रामबागेतल्या तेवढ्याच घरापेक्षा किंमत बरीच कमी आहे. मालक म्हणतात, "पाणी फक्त २०१९ ला आलं होतं, आणि तेव्हा ते कुणाच्या घरात आलं नाही?" आईचे गुडघे दुखतात, म्हणून तळमजलाच हवा. पुढच्या महिन्यात विसार द्यायचाय. घ्यावं का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : विसार अजून दिलेला नाही, हे फार बरं. कारण या घराचा निर्णय गल्ली, झाडं, किंमत यांच्या आधी एका आकड्यावर ठरतो, आणि तो आकडा तुम्हाला अर्ध्या दिवसात काढता येईल. आयर्विन पुलाजवळ कृष्णा नदी किती फुटांवर गेली की तुमच्या फरशीला पाणी लागतं, तो हा आकडा. नदीकाठचे जुने रहिवासी घराबद्दल बोलतात तेच या भाषेत. कुणाकडे बेचाळीसला पाणी येतं, कुणाकडे अठ्ठेचाळीसला. तुमच्या मालकांनी हा आकडा सांगितलेला नाही. तो तुम्हीच काढा.

पुलाजवळची इशारा पातळी ४० फूट आहे आणि धोका पातळी ४५ फूट. २००५ मध्ये नदी ५३ फुटांच्या पुढे गेली, २०२१ च्या जुलैत ५४ च्या पुढे आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये साडेसत्तावनच्या आसपास. हे तीन आकडे कागदावर लिहून घ्या आणि घर बघायला परत जा.

आता त्या घरात २०१९ ची पाण्याची खूण शोधायची. रंग दिलेला असेल तर दर्शनी भिंतींवर काही दिसणार नाही. कंपाउंडच्या मागच्या बाजूला बघा. जिन्याच्या खालच्या अंगाला, मीटरच्या पेटीच्या आत, संडासातल्या टाइल्सच्या सांध्यांत बघा. शेजारच्या जुन्या घरावर किंवा गल्लीतल्या देवळाच्या भिंतीवर रेघ बहुधा सापडतेच, कित्येकांनी ती तारखेसह रंगवून ठेवली आहे. शेजारच्या भिंतीवरची खूण आपल्या घरात आणायला गवंड्याची लेव्हल ट्यूब लागते. १५ मीटर पारदर्शक नळी घ्या, बुडबुडे राहणार नाहीत अशी पाण्याने भरा, एक टोक खुणेला लावा आणि दुसऱ्या टोकातलं पाणी स्थिर झालं की तुमच्या भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारा. बुडबुडा राहिला तर माप चुकतं, म्हणून नळी भरल्यावर एकदा दोन्ही टोकं शेजारी-शेजारी धरून पाणी एका रेषेत येतंय ना ते बघायचं.

समजा ही रेघ फरशीपासून ७ फुटांवर आली. साडेसत्तावनमधून सात वजा केले की साडेपन्नास. म्हणजे नदी साडेपन्नास फुटांवर गेली की घरात पाणी. पुराचं पाणी अगदी सपाट नसतं, पुलापासून जितकं दूर तितका थोडा फरक पडतो, म्हणून अर्धा-पाऊण फूट इकडेतिकडे धरा. निर्णयासाठी एवढी अचूकता पुरते.

याच मापाने मालकांचं म्हणणंही तपासून होईल. २०१९ आणि २०२१ च्या पातळीत साधारण ३ फुटांचा फरक आहे. त्यामुळे २०१९ ची खूण फरशीपासून ३ फुटांच्या आत असेल, तरच "फक्त २०१९ ला आलं" हे खरं असू शकतं. खूण ५ फुटांवर असेल तर २०२१ लाही घरात दीड-दोन फूट पाणी होतं. शंका राहिली तर मालकांच्या परवानगीने खालच्या उंचीचा एखादा प्लग-बोर्ड उघडून बघा. आतल्या पेटीच्या कोपऱ्यात साबणासारखा बारीक गाळ बसलेला असतो, तो रंगाऱ्याच्या हाताला लागत नाही. दाराच्या चौकटीचा तळ आणि खालची बिजागरीही बघा. वरची कोरी आणि खालची गंजलेली असेल तर तिथवर पाणी उभं होतं.

दुसरा आकडा रस्त्याचा. बहुतेक लोक तो विसरतात, आणि तुमच्या आई-बाबांसाठी तो पहिल्यापेक्षाही महत्त्वाचा आहे. घर बावन्नवर असलं तरी गल्लीतून मुख्य रस्त्याला लागताना मधे खोलगट भाग असेल आणि तो त्रेचाळीसलाच बुडत असेल, तर घर कोरडं राहूनही माणसं अडकतात. डीपीपाशी पाणी आलं की वीज बंद होते. वीज गेली की पाण्याची मोटर बंद, फ्रिज बंद, फोन बंद. सांगलीचा पूर डोंगरी नदीसारखा येऊन ओसरून जात नाही, तो चढतो सावकाश आणि उतरायला दिवसच्या दिवस घेतो. २०१९ मध्ये लोक आठवडाभर अडकून पडले होते. म्हणून गल्लीतून बाहेर पडायच्या रस्त्यावरचा सगळ्यात खोल भाग शोधा आणि तिथे किती फुटांना पाणी येतं ते तीन वेगवेगळ्या घरी विचारा. रिक्षावाले आणि दूधवाले हे नेमकं सांगतात. त्यांचा धंदा त्यावर थांबतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. पाणी नेहमी नदीच्या बाजूनेच येतं असं नाही. नदी चढली की शेरीनाल्यासारखे नाले उलटे वाहू लागतात आणि शहराच्या आतल्या सखल भागात पाठीमागून पाणी शिरतं. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर या भागांतल्या कुटुंबांना इशारा पातळीच्या आसपासच हलवायची वेळ येते. त्यामुळे "आमच्यापासून नदी अर्धा किलोमीटर लांब आहे" या वाक्याला अर्थ नाही. अंतर नको, उंची विचारा.

आकडा हातात आल्यावर

फरशी ५० फुटांच्या खाली असेल तर किंमत कितीही कमी असो, दोन वयस्कर माणसांसाठी तळमजला घेऊ नका. २००५, २०१९, २०२१ हे तीनही पूर त्या घरात तीन फुटांहून जास्त होते. ५० ते ५५ मधलं घर घ्यायचं तर त्याला वर किमान एक खोली आणि संडास-बाथरूम हवं, आणि पावसाळ्यात तुम्ही किंवा जवळचं कुणीतरी तिथे धावून येऊ शकेल अशी सोय हवी. फरशी ५५ च्या वर असेल आणि रस्ताही ४५ पर्यंत चालू राहत असेल, तर जरूर विचार करा. तेव्हा तुम्ही वर्णन केलेली शांतता खरोखर तुमच्या आई-बाबांच्या वाट्याला येईल.

आईच्या गुडघ्यांचा प्रश्न खरा आहे, पण त्यावर तळमजला हाच एक उपाय नाही. त्याच गल्लीत, खाली पार्किंग आणि वर राहणं अशी इमारत मिळते का बघा. जिना नीट असेल, म्हणजे पायरी ६ इंचांहून उंच नाही, पाऊल ठेवायला ११ इंच जागा, दोन्ही बाजूंना कठडा आणि मधे वळणावर टेकायला जागा, तर दिवसातून एक-दोनदा चढउतार बहुतेकांना झेपते. लिफ्ट असेल तर तिच्या खड्ड्यात पाणी शिरतं का आणि मशीन वर आहे का ते विचारा. पुरात लिफ्ट बंदच पडणार आहे हे गृहीत धरायचं.

कागद

महापालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला घ्या आणि पाटबंधारे विभागाच्या पूररेषेच्या नकाशावर हा सर्व्हे नंबर कुठे पडतो ते लेखी मागा. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येण्याची शक्यता असलेल्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदाच्या पुराची. याचा अर्थ एकदा येऊन गेला की पुढची २५ वर्षं निवांत असा नाही. दर वर्षी ती शक्यता १०० पैकी ४ आहे, आणि लाल रेषेसाठी १०० पैकी १. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम मिळत नाही. हे रो-हाऊस उद्या पाडून उंच जोत्यावर बांधू असा बेत असेल तर मूळ बांधकाम अधिकृत असावं लागतं आणि पाटबंधारे विभागाचं ना-हरकत पत्र लागतं, नाहीतर बेत तिथेच अडेल. निळी आणि लाल यांच्यामध्ये परवानगी मिळू शकते, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर उंच लागतं.

सांगलीत गुंठेवारीचे, म्हणजे शेतजमिनीचे मंजुरीविना पाडलेले, प्लॉट खूप आहेत. घर तसं असेल तर नियमितीकरणाचा दाखला मूळ प्रत बघूनच पुढे जा. मालमत्ता पत्रक, बांधकाम परवाना, भोगवटा प्रमाणपत्र हे बँकेचा वकील बघेलच. पण पूररेषा बघणं हे त्याच्या यादीत असेलच असं नाही, ते तुम्ही बघायचं.

घर बघताना मिस्त्रीला काय विचाराल

सांगलीची जमीन काळी, खोल. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिच्यावरचं घर हलतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या गेलेल्या भेगा, पावसाळ्यात अडकणारी दारं ही त्याची लक्षणं. पाया काळ्या मातीतून खाली मुरमापर्यंत नेलाय का आणि जोत्यात भर मुरमाची आहे की तिथल्याच मातीची, हे विचारा. आडव्या, केसासारख्या भेगांना घाबरू नका. तिरक्या किंवा रुंद भेगा दिसल्या तर मात्र त्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हो म्हणू नका. घराभोवती ३ फूट रुंदीचा, बाहेर उतार दिलेला काँक्रीटचा पट्टा असला की पाणी पायाशी मुरत नाही. नसला तर घेतल्यावर पहिलं काम तेच करा.

नदीकाठच्या घरात वायरिंग छतातून खाली आलेलं हवं, जमिनीतून वर गेलेलं नको. मीटर आणि मुख्य बोर्ड तुमच्या २०१९ च्या रेघेच्या वर न्यायचा. रेघ फारच उंच असेल तर निदान तळमजल्याचं सर्किट वेगळं आणि त्याचा एमसीबी वरच्या मजल्यावर, म्हणजे खालची वीज बंद करून वर राहता येतं. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवलेला नसेल तर बसवा. ओल्या भिंतीतून गळणारा करंट तोच पकडतो. इन्व्हर्टर आणि बॅटरी कायमच वर ठेवा.

ड्रेनेजकडे सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं. पाणी उंबऱ्याला लागण्याआधी संडासाच्या भांड्यातून आणि नहाणी ट्रॅपमधून वर येतं, मैल्यासकट. घराच्या शेवटच्या चेंबरमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा आणि दर मे महिन्यात त्याची झडप उघडून धुवा. एक केसांचा गुंता अडकला तरी ती पूर्ण मिटत नाही आणि मग असून नसल्यासारखी. शिवाय नहाणीसाठी रबरी प्लग आणि भांड्यावर ठेवायला वाळूची दोन पोती घरात असू द्या.

आतलं काम करताना पीओपी आणि कमर्शियल प्लाय खालच्या ४ फुटांत अजिबात नको. पीओपी पाणी पिऊन गळून पडतं, प्लाय फुगून फुटतो. भिंतीला सिमेंट-वाळूचा गिलावा, ओट्याखाली ट्रॉल्यांऐवजी कडप्प्याचे खण, चौकटी दगडाच्या. असं घर पुरानंतर धुऊन घेता येतं. दिसायला साधं दिसेल, पण नदीकाठी हेच शहाणपणाचं बांधकाम आहे.

दाराशी वाळूची पोती रचून पाणी अडवण्याचा प्रयत्न दोन-अडीच फुटांपर्यंत ठीक. त्याहून वर पाणी चढणार हे दिसलं तर अडवू नका, दार उघडून आत येऊ द्या. बाहेर ४ फूट आणि आत कोरडं असलं की ९ इंची विटेच्या भिंतीवर एकाच बाजूने दाब येतो आणि भिंत कोसळू शकते. कंपाउंडच्या भिंतीत तळाशी मोरीसारखी भोकं ठेवायची तीही याचसाठी.

पावसाळ्यातली शिस्त

सांगलीत ऊन पडलेलं असतानाही पूर येतो. पाऊस महाबळेश्वरला, नवजाला, कोयनेला पडत असतो. कोयना धरण १०५ टीएमसीचं, आणि कोयना कराडला कृष्णेत मिळते. खाली हरिपूरला वारणा येऊन मिळते. वारणा भरून असली की कृष्णेच्या पाण्याला पुढे सरकायला जागा राहत नाही. त्यामुळे बाबांनी जुलै-ऑगस्टमध्ये सकाळ-संध्याकाळ तीन गोष्टी बघायच्या : कोयना आणि वारणेवरच्या चांदोली धरणातून किती क्युसेक विसर्ग चालू आहे, भिलवडी पुलाची पातळी आणि आयर्विनची पातळी. भिलवडी चढत असेल तर सांगली अजून चढणार. आयर्विन तासाला किती इंच चढतंय हे वहीत लिहिलं की हातात किती वेळ आहे ते गणिताने कळतं. तासाला ३ इंच म्हणजे एक फूट चढायला ४ तास.

निघायची पातळी आधीच ठरवून भिंतीवर लिहून ठेवा. रस्त्याच्या आकड्यातून ३ फूट वजा, हा आमचा आग्रहाचा हिशेब. रस्ता ४३ ला बुडत असेल तर ४० ला आई-बाबा घराबाहेर, तेही दिवसाउजेडी. "बघू, उतरेल" म्हणून थांबलेल्यांनाच पुढे बोटीत बसावं लागतं. २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून जी माणसं गेली, ती आपली गावंघरं सोडून सुरक्षित जागी निघालेलीच होती. वयस्कर माणसांनी कोरड्या रस्त्यावरून, पायी किंवा रिक्षाने निघावं. कुणाकडे जायचं तेही मे महिन्यातच बोलून ठेवा, विश्रामबाग किंवा मिरजेच्या बाजूला उंचावर कुणी नातेवाईक असतील तर उत्तम.

निघताना मुख्य स्विच बंद, सिलिंडरचा रेग्युलेटर काढून सिलिंडर वर नेऊन बांधायचा. जमिनीखालची पाण्याची टाकी रिकामी न ठेवता काठोकाठ भरून झाकण घट्ट लावा. रिकामी टाकी जमिनीतल्या पाण्याच्या दाबाने उचलली जाते आणि तडकते. फ्रिज पाण्यावर तरंगून आडवा होतो, त्यामुळे शक्य असेल तर वर, नाहीतर निदान दोरीने खिडकीच्या गजाला बांधा. गाडी आदल्या दिवशीच उंचावर लावा. पाण्यात बुडालेली गाडी चालू करून बघू नका, इंजिनात पाणी जाऊन ते फुटलं तर इंजिन संरक्षणाचं वेगळं कलम घेतल्याशिवाय विमा मिळत नाही.

घराचा विमा जूनच्या आधी घ्या. 'भारत गृह रक्षा' या प्रमाणित पॉलिसीत पूर धरलेला आहे आणि घरातलं सामान घराच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत आपोआप येतं. दर वर्षी मे महिन्यात प्रत्येक खोलीचा एक व्हिडिओ काढून तुमच्या फोनमध्ये, पुण्यात ठेवा. पंचनामा आणि दावा दोन्हीला तो लागतो.

पाणी उतरताना आणि नंतर

गाळ ओला असतानाच काढायचा. पाणी ओसरतंय तसतसं खराट्याने ढवळत त्याच पाण्याबरोबर बाहेर ढकलायचा. एकदा वाळला की फावड्यालाही दाद देत नाही. आई-बाबांनी हे काम करायचं नाही, माणसं लावायची. आणि जो कुणी करेल त्याने गमबूट आणि हातमोजे घालायचे, कारण त्या पाण्यात लेप्टोचा (उंदरांच्या मुत्रातून पसरणाऱ्या तापाचा) धोका असतो. ओट्याखाली, माळ्यावर, गुंडाळलेल्या गादीत साप असतो हे धरूनच काठीने आधी ढोसायचं. नंतर महिनाभरात ताप आला तर डॉक्टरांना पुरात काम केल्याचं सांगायचं.

टाकी घासून धुतल्यावर पुन्हा भरा आणि १००० लिटरला १५० ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर बादलीत कालवून, निवळ वरचं पाणी टाकीत ओता. नळ उघडून वास येईपर्यंत पाणी पाइपातही खेळवा, एक दिवस ठेवा, मग सगळं सोडून द्या. वीज इलेक्ट्रिशियनने मेगर (वायरिंगमधली गळती मोजायचं यंत्र) लावून तपासल्याशिवाय चालू करायची नाही. भिंतींना रंगाची घाई नको. दोन-तीन महिने खिडक्या उघड्या ठेवून वाळू द्या. ओल्या भिंतीवर प्लास्टिक पेंट लावला की आत ओल कोंडते आणि दिवाळीनंतर लोणा लागून पापुद्रे सुटतात.

घाटावरच्या फिरण्याबद्दल एक सांगायलाच हवं. सांगली, भिलवडी, औदुंबरच्या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत. हिवाळ्यात त्या उन्हाला काठावर येऊन पडतात. घाटाच्या वरच्या पायऱ्यांवर बसायला काही हरकत नाही, पण पाण्यात पाय सोडून बसू नका, आणि सुट्टीला नातवंडं आली की त्यांना गवताच्या काठाकडे जाऊ देऊ नका. डासांसाठी सगळ्या खिडक्यांना जाळी आणि सेप्टिक टँकच्या व्हेंट पाइपच्या तोंडाला बारीक जाळी बांधा. तिथूनही डास निघतात.

मापाच्या दिवशी लेव्हल ट्यूब, टेप, पेन्सिल आणि एखादा ओळखीचा गवंडी बरोबर न्या. मालकांसमोरच माप घ्या आणि आलेला आकडा त्यांना सांगा. तो ५५ च्या वर आला, रस्ताही ४५ पर्यंत चालू राहत असेल आणि कागद नीट असतील, तर विसार द्यायला हरकत नाही. ५० च्या खाली आला तर त्याच गल्लीत वरच्या मजल्याची चौकशी त्याच दिवशी सुरू करा.